जुन्या छायाचित्रांतील रुग्णवाहिका : ओळख आणि नोंद

कामानिमित्त कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये काही दिवस मुक्काम होता. राजारहाट परिसरातील शेते आणि तळी यांच्या जागी आखीव रस्त्यांची ही नवी नगरी गेल्या सुमारे पाव शतकात उभी राहिली. त्यासाठी राज्य शासनाने १९९९ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. नगरनियोजनाच्या दृष्टीने या नगरीविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु तो आजचा विषय नाही. इतक्या नव्या नगरीत इतिहासाची आठवण सहसा होत नाही. ती मला झाली 'नजरुल तीर्थ' या वास्तूपाशी. काझी नजरुल इस्लाम यांच्या नावाने हे सांस्कृतिक केंद्र उभारले आहे. नजरुल म्हटले की विद्रोही कवी डोळ्यांपुढे येतो. पण त्यांचे एक तरुणपणीचे छायाचित्रही प्रसिद्ध आहे, लष्करी गणवेशातले. १९१७ मध्ये शाळा सोडून ते ४९ व्या बंगाली पलटणीत दाखल झाले, हवालदार पदापर्यंत पोहोचले आणि १९२० मध्ये पलटण विसर्जित होईपर्यंत कराचीच्या छावणीत राहिले. कराची त्या काळी आपल्या मुंबई इलाख्यात होती, हे येथे नमूद करावेसे वाटते.

बंगाली माणसाच्या अंगावर हा गणवेश आला कसा? बंगाली समाज लढवय्या नाही असे ठरवून ब्रिटिश सरकारने त्याला पायदळाची दारे जवळजवळ बंदच ठेवली होती. ती दारे किलकिली झाली एका रुग्णसेवा पथकामुळे. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर डॉ. सुरेशप्रसाद सर्वाधिकारी यांच्या पुढाकाराने 'बेंगॉल अ‍ॅम्ब्युलन्स कोअर' हे स्वयंसेवकांचे पथक उभे राहिले आणि १९१५ मध्ये मेसोपोटेमियाच्या आघाडीवर, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. त्याच्या कामगिरीनंतर १९१६ मध्ये बंगाली तरुणांच्या सैन्यभरतीस मान्यता मिळाली आणि पुढील वर्षी ४९ वी पलटण अस्तित्वात आली. म्हणजे नजरुलच्या गणवेशाचा माग काढत गेले की आपण एका रुग्णवाहिकेपाशी येऊन थांबतो.

परंतु ती रुग्णवाहिका दिसत कशी होती? या साध्या प्रश्नाने मला बरेच दिवस गुंतवून ठेवले. युद्धकाळातील स्वयंसेवी रुग्णवाहनांची जुनी छायाचित्रे आता संगणकावर सहज पाहावयास मिळतात. त्यांखालील मजकूर मात्र अनेकदा तोकडा, क्वचित चुकीचाही असतो. वाहन कोणते, कोणी दिले, कोणी चालविले आणि केव्हाचे, हे ठरवावयाचे तर छायाचित्र एखाद्या नस्तीप्रमाणे वाचावे लागते. हा उद्योग केवळ छंदिष्टांचा आहे असे मला पूर्वी वाटत असे. आता तसे वाटत नाही. त्यामागे माझी एक जुनी चूक आहे. ती लेखाच्या शेवटी सांगेन.

पहिला नियम असा की प्रथम चाकांकडे पाहावे. वाहनावर क्रॉस रंगविलेला आहे किंवा त्यात जखमी झोपलेले आहेत, एवढ्याने ते रुग्णवाहन ठरत नाही. चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंगचे पाटे आहेत काय, हे पाहावे. हिंदुस्थानी सैन्यात जखमींसाठी डोल्या होत्या आणि रुग्णांसाठी मुद्दाम बनविलेले टांगेही होते. त्याखेरीज सामान वाहणारी, दोन चाकांची, खेचरांच्या जोडीने ओढली जाणारी लष्करी गाडी होती. तिला 'ए. टी. कार्ट' म्हणत. लाकूड आणि लोखंड यांची ही गाडी दणकट होती, खडबडीत रस्त्यावर मोडत नसे. परंतु तिला स्प्रिंग नव्हती. पोती, दारूगोळा आणि चारा वाहण्यासाठी ती उत्तम होती. जखमी मनुष्य वाहण्यासाठी ती बनविलेलीच नव्हती.

मेसोपोटेमियातील छायाचित्रांत जखमींजवळ हीच गाडी दिसते. हा योगायोग नव्हे. ही मोहीम १९१५ मध्ये हिंदुस्थान सरकार चालवीत होते. खर्चात काटकसर हे धोरण होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडच्या हाताखालील सहावी डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे लढली. या डिव्हिजनचे नाव 'पुणे डिव्हिजन' असे होते आणि तीत मराठा पलटणीही होत्या. सुमारे ४,६०० माणसे या लढाईत मारली गेली वा जखमी झाली. जखमींना रणभूमीवरून नदीकाठापर्यंत आणावयास पुरेशी रुग्णवाहने नव्हती. तेव्हा याच बिनस्प्रिंगच्या गाड्यांत, मोडलेल्या हाडांनिशी माणसे घातली गेली आणि खाचखळग्यांच्या वाळवंटातून मैलोगणती हाकली गेली. बेंगॉल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरची एक तुकडी या सैन्याबरोबर होती. पुणे डिव्हिजनच्या जखमींना उचलणाऱ्यांत बंगाली तरुणांचे हात होते, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी परिचित नसावी.

नदीकाठापासून पुढचा प्रवास बोटींचा. 'मेजिदिए' नावाच्या आगबोटीवर आणि तिला बांधलेल्या पडावांवर शेकडो जखमी बसऱ्यास आणले गेले. वाटेत अनेक दिवस त्यांना पुरेसे औषध, पाणी वा स्वच्छता काहीही मिळाले नव्हते. बसऱ्याच्या बंदरात 'वरेला' या रुग्णालय-जहाजावर असलेले मेजर कार्टर यांनी ही बोट येताना पाहिली आणि जे दिसले ते लिहून वरिष्ठांना कळविले. बक्षीस म्हणून त्यांना वरिष्ठांचा दम खावा लागला. दरम्यान मुख्यालयाच्या तारेत जखमींची एकंदर स्थिती अतिशय समाधानकारक असून वैद्यकीय व्यवस्थेने उत्तम काम केले, अशा अर्थाचा मजकूर गेला होता.

प्रशासनात काम केलेल्या कोणासही या तारेची भाषा अनोळखी वाटणार नाही. 'स्थिती समाधानकारक' हे शब्द आपणही लिहिले आहेत. पुढे विन्सेंट-बिंगली समिती नेमली गेली आणि त्यानंतर लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालील मेसोपोटेमिया आयोग. आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय व्यवस्थेवर त्याने इतके कठोर ताशेरे ओढले की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. गाडीला स्प्रिंग नव्हती, ही तांत्रिक वाटणारी बाब एका मंत्र्याच्या राजीनाम्यामागील कारणांपैकी एक ठरली.

आता छायाचित्रांकडे परत येऊ. अशा एखाद्या गाडीच्या चित्राखाली सूचिकाराने 'रुग्णवाहिका, मेसोपोटेमिया' एवढेच लिहिले तर काय होते? त्याच्या मनात काही वावगे नसते. परंतु जी गोष्ट तेथे नव्हती ती होती अशी नोंद होते. बसऱ्याची ती तार शंभर वर्षांनी पुन्हा एकदा पाठविल्यासारखे होते. 'जखमींना वाहण्यासाठी वापरलेली मालवाहू लष्करी गाडी' असे लिहावयास चार शब्द अधिक लागतात. ते चार शब्द लिहिले पाहिजेत.

दुसरा नियम कालनिश्चितीचा. मेसोपोटेमियात पुढे मोटार रुग्णवाहिका आल्या. १९१६ च्या प्रारंभी मोहिमेची सूत्रे लंडनच्या युद्धखात्याकडे गेल्यानंतर व्यवस्था सुधारत गेली. फोर्डची 'मॉडेल टी' ही हलकी मोटार वाळूतही चालत असल्याने तेथे मोठ्या संख्येने वापरली गेली. फ्रान्समध्ये 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस'च्या स्वयंसेवकांनीही याच मोटारीवर रुग्णवाहिकेचा लाकडी साटा चढविला होता. या मोटारीची तारीख ठरविण्याची एक सोपी खूण आहे. १९१६ पर्यंतच्या नमुन्यांचा रेडिएटर पितळी असे आणि छायाचित्रात चकाकतो. १९१७ च्या नमुन्यापासून तो काळा झाला. हा बदल १९१६ च्या उत्तरार्धात कारखान्यात झाला. तेव्हा काळ्या रेडिएटरच्या फोर्ड रुग्णवाहिकेखाली 'टेसिफोन, १९१५' असे लिहिलेले आढळले तर ते निःसंशय चूक समजावे. ही चूक निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे १९१५ मध्ये जखमींसाठी मोटारी होत्या असा समज होतो. आणि त्या नव्हत्या, हाच तर त्या वर्षाचा इतिहास आहे.

पार्श्वभूमीतील इमारतही साक्ष देते. मुंबईचे उदाहरण घ्या. मेसोपोटेमियाच्या मोहिमेचे मुंबई हे प्रमुख बंदर होते. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून आपण ओळखतो ती इमारत १९१४ मध्ये बांधून झाली. परंतु संग्रहालय म्हणून ती खुली झाली १९२२ मध्ये. मधल्या युद्धवर्षांत तेथे लष्करी रुग्णालय होते. त्या घुमटासमोर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेचे छायाचित्र पाहून 'संग्रहालयासमोर मोटार' असे लिहिणारा मनुष्य रुग्णालयाचा दरवाजाच विसरतो.

तिसरा नियम चिन्हे आणि रंग यांचा, आणि येथे फसगत सर्वाधिक. १९०७ च्या हेग कराराने रुग्णालय-जहाजांचे रंग ठरवून दिले होते. जहाज पांढरे असावे. सरकारी लष्करी जहाजावर हिरवा आडवा पट्टा आणि खाजगी व्यक्तींनी वा सेवासंस्थांनी सज्ज केलेल्या जहाजावर लाल पट्टा. म्हणजे स्वयंसेवी कोणते आणि सरकारी कोणते, हे रंगावरून कळावे अशी योजना होती. कृष्णधवल छायाचित्राने ती पुसून टाकली. त्या काळच्या बहुतेक काचपट्ट्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल क्रॉस काळा उमटतो आणि हिरवा पट्टा त्या मानाने फिकट. पण उन्हाचा कोन, धूळ आणि छपाई यांनी हा फरक नाहीसा होऊ शकतो. म्हणून केवळ पट्ट्याच्या छटेवरून निष्कर्ष काढू नये. जहाजाचे नाव शोधावे.

अशा जहाजांपैकी एक तर मराठी माणसाने विसरूच नये. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे प्रवासी जहाज ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९१४ च्या अखेरीस विकत घेतले. भोपाळच्या बेगमेसह अन्य संस्थानिकांनीही हातभार लावला आणि १९१५ मध्ये ते 'लॉयल्टी' या नावाने हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज झाले. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी यांच्या नव्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने ते घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. १९२३ मध्ये मुंबईतच ते मोडीत निघाले. एकच सांगाडा: प्रथम परदेशी कंपनीचे डौलदार प्रवासी जहाज, मग जखमींचे रुग्णालय, मग स्वदेशी नौकानयनाचा आरंभ. तीन काळांतील तीन छायाचित्रे निरनिराळ्या संग्रहांत, निरनिराळ्या नावांखाली पडून राहिली तर हा दुवा जुळणार कसा? सांगाडा तोच राहतो, बदलते ते नाव. म्हणून ओळख पटविताना दोन्ही पाहावीत.

चौथा नियम अक्षरे आणि क्रमांक यांचा. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या कोलकात्याकडे यावे लागेल. २० डिसेंबर १९४२ च्या रात्री या शहरावर जपानी बॉम्ब पडले. त्यापूर्वीच त्या वर्षी होरेस अलेक्झांडर यांच्या नेतृत्वाखाली 'फ्रेंड्स अ‍ॅम्ब्युलन्स युनिट'ची तुकडी येथे आली होती. हे क्वेकर पंथीयांशी संलग्न पथक होते. शस्त्र धरणार नाही, पण युद्धग्रस्तांची सेवा करू, अशी त्यांची भूमिका. हवाई हल्ल्यांतील मदतकार्यासाठी आलेल्या या मंडळींपुढे निराळेच संकट उभे राहिले. १६ ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मेदिनीपूर जिल्हा उद्ध्वस्त झाला आणि १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ आला. 'अ‍ॅम्ब्युलन्स' हे नाव धारण केलेले पथक मुलांसाठी दूध आणि गावांसाठी औषधे वाहू लागले. पथकातील रिचर्ड सायमंड्स पुढे बंगाल सरकारच्याच मदत व पुनर्वसन खात्यात अधिकारी झाले.

येथे मेसोपोटेमियाच्या उलट प्रकार आहे. तेथे मालाची गाडी रुग्णवाहिका म्हणून वापरली गेली. येथे रुग्णवाहिका पथकाची मोटार अन्नाची गाडी झाली. दारावर लिहिलेल्या नावावरून आत काय होते ते कळत नाही. नाव ही मालकीची खूण असते, कामाची नव्हे. क्वेकरांच्या वाहनांवर अनेकदा लाल-काळी आठ टोकांची चांदणी आढळते. हे चिन्ह त्यांच्या मदतपथकांनी १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धापासून वापरले. ही चांदणी दिसली तर आत स्ट्रेचर असेल असे गृहीत धरू नये. छायाचित्रात कोण रांगेत उभे आहे ते पाहावे.

त्याच काळातील लष्करी रुग्णवाहिका ओळखणे त्या मानाने सोपे. ब्रिटिश 'ऑस्टिन के-२' हिचा चौकोनी, उंच साटा नॉर्विचच्या मान एगर्टन कंपनीने आखलेला. चालकाच्या बाजूला पत्र्याची दारे नाहीत, कापडाचे पडदे. आत चार स्ट्रेचर किंवा दहा बसलेले जखमी. अमेरिकन 'डॉज डब्ल्यूसी-५४' पूर्ण पोलादी, बंद, पुढे लांब बॉनेट असलेली. ब्रिटिश लष्करी वाहनाच्या बॉनेटवरील क्रमांकाआधी 'ए' हे इंग्रजी अक्षर असेल तर ते रुग्णवाहिका म्हणून नोंदलेले वाहन होय. मालमोटारींना 'एल' हे अक्षर असे. एका अक्षराने प्रश्न सुटतो, कारण कोणीतरी कारकुनाने ते अक्षर नोंदवहीत नीट लिहिले होते आणि कोणीतरी रंगाऱ्याने ते नीट रंगविले होते.

एक सावधगिरी आणखी. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठविले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनावरून आणि जवाहरलाल नेहरूंच्या प्रयत्नांतून सुमारे २२,००० रुपयांचा निधी आणि एक रुग्णवाहिका यांची तरतूद झाली. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी असे पाच जण १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. परिणामी या विषयाची दोन प्रकारची छायाचित्रे अस्तित्वात आहेत, एक चीनमधील आणि एक चित्रपटासाठी उभारलेल्या देखाव्यातील. एखाद्या चित्रात प्रकाश फारच नेटका असेल आणि प्रत्येक चेहरा योग्य जागी असेल, तर प्रथम शांतारामांचा चेहरा शोधावा.

आता कबूल केलेली चूक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या ठिकाणी काही जुन्या शासकीय वाहनांच्या निर्लेखनाचे प्रकरण माझ्यासमोर आले. त्यांत एक जुनीपुराणी रुग्णवाहिका होती. कित्येक वर्षांपूर्वी लोकांनी वर्गणी काढून ती दिली होती आणि दारावर देणगीदारांच्या नावांची पितळी पाटी होती. डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद 'वाहन, नादुरुस्त, नग १' अशी होती. नियमाप्रमाणे लिलाव झाला आणि मी स्वाक्षरी केली. काही महिन्यांनी एक वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले. गाडी गेली याचे त्यांना दुःख नव्हते. "साहेब, त्या पाटीवर आमच्या वडिलांचं नाव होतं. पाटी काढून ठेवली असेल तर एकदा बघायची होती," एवढेच म्हणाले. पाटी भंगारात गेली होती. तिचे छायाचित्र कोणी काढले नव्हते. काढावे असे मला सुचलेही नव्हते. त्यांना चहा पाजण्यापलीकडे मी काही करू शकलो नाही.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. देणगीतून आलेले कोणतेही वाहन वा यंत्र निर्लेखित करण्यापूर्वी त्याचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. क्रमांक, चिन्ह आणि देणगीदारांची पाटी स्पष्ट दिसावी. छायाचित्रामागे तारीख, ठिकाण आणि वापर लिहावा. आणि ते नस्तीस जोडावे. पाटी शक्य तर देणाऱ्यांच्या वारसांना द्यावी. यास खर्च जवळजवळ शून्य आहे. ज्यांच्या संग्रही जुनी छायाचित्रे आहेत त्यांनीही घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मागे दोन ओळी लिहून ठेवाव्यात. अंदाज असेल तर तो अंदाज आहे हेही लिहावे.

कूत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी पुणे डिव्हिजन शरण गेली आणि बेंगॉल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरचे काही स्वयंसेवकही कैदेत पडले. त्यांतील शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनी पुढे 'अभि ले बगदाद' हे पुस्तक लिहिले, म्हणून त्या तरुणांनी काय पाहिले हे आज आपल्याला कळू शकते. याच पथकातील रणदाप्रसाद साहा यांनी नंतर मिर्झापूर येथे आईच्या नावाने कुमुदिनी रुग्णालय उभारले. ते आज बांगलादेशात आहे. बाकीच्यांपैकी अनेकांची आठवण एखाद्या समूहचित्रातील चेहऱ्यापुरती उरली आहे. त्या चित्रात त्यांच्या शेजारी उभी असलेली गाडी बिनस्प्रिंगची होती, हे आपण निदान खरे लिहावे. गाडी कशी होती हे कळले, तर ती चालविणाऱ्यांनी आणि तीतून गेलेल्यांनी काय सोसले हेही कळेल.